अमूर्त चित्राची रोजची शिस्त: थर, वाळण्याचा वेळ आणि बघणं

प्रश्न असा आहे: अमूर्त चित्रकार रोज स्टुडिओत नेमकं काय करतो? समोर विषय नसताना सुरुवात कुठून होते आणि चित्र पूर्ण झालं हे ठरतं कसं? सोबत विचारणाऱ्याची स्वतःची अडचणही आहे. तीन-चार थर झाले की रंग मळतो; पहिले दोन दिवस हात जोरात चालतो, मग कॅनव्हास कोपऱ्यात पडून राहतो.

या सगळ्याचं मूळ एका गैरसमजात आहे. अमूर्त चित्र म्हणजे भावनेच्या भरात एका बैठकीत उतरणारी गोष्ट, असं अनेकांना वाटतं. तैलरंगात काम करणाऱ्याचा बराचसा काळ रंग वाळण्याची वाट पाहण्यात आणि झालेल्या कामाकडे बघण्यात जातो. हात चालण्याचा वेळ त्यामानाने अगदी थोडा. म्हणून रोजच्या सवयी वाळण्याच्या वेळाभोवती बांधाव्या लागतात. तिसऱ्या दिवशी चित्र सुटतं ते बहुधा उत्साह संपल्यामुळे नाही. त्या दिवशी रंग ना ओला असतो ना सुका, आणि अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं नसतं.

उदाहरण म्हणून वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची पद्धत समोर ठेवतो, कारण आपल्याकडच्या अमूर्त चित्रकलेत प्रक्रियेचा एवढा काटेकोर विचार करणारे थोडे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते १९४८ मध्ये बाहेर पडले. १९५० च्या दशकात त्यांच्या कामावर स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव स्पष्ट दिसतो, रेषा आणि आकृत्या आहेत. साठच्या दशकाकडे येताना आकृत्या विरघळत गेल्या, ब्रश मागे पडला आणि रोलर व पॅलेट नाइफ (रंग पसरायची-खरवडायची बोथट पाती) ही मुख्य हत्यारं झाली. आपल्या कामाला ते ‘ॲबस्ट्रॅक्ट’पेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ (कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेलं) म्हणणं पसंत करत. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास, एवढाच त्यांचा वेग सांगितला जातो. हा आकडा आळसाचा नाही. थर लावणं, तो अर्धवट खरवडणं, वाळू देणं, बघत बसणं, पुन्हा पातळ थर, या सगळ्याला तेवढा वेळ लागतोच.

सुरुवात कुठून, याचं उत्तर मी कॅनव्हासच्या आधीपासून देतो, कारण बरीच चित्रं तिथेच बिघडतात.

सुती कॅनव्हास घ्यायचा तर १० ते १२ औंसाचा, विणीत गाठी कमी असलेला. स्ट्रेचरची लाकडी चौकट तीन फुटांपेक्षा मोठी असेल तर मधे आडवी पट्टी हवीच, नाहीतर वर्षभरात चौकट पिळवटते. पॅलेट नाइफचा दाब पडणार असेल तर मधली पट्टी कॅनव्हासला टेकत नाही ना हे बोट घालून बघा. टेकत असेल तर खरवडताना तिची कड चित्रात उमटते आणि ती रेघ नंतर काही केल्या जात नाही. ॲक्रिलिक जेसोचे (कॅनव्हासवर आधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ हात द्यायचे. पहिल्यात थोडं पाणी, पुढच्या दोहोंत जवळजवळ नाही. पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून घ्यायचं. तैलरंग लावण्याआधी जेसो किमान तीन दिवस वाळू द्या. जेसोशिवाय थेट कापडावर तैलरंग लावू नये, कारण त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्या क्रियेत कापडाचे धागे हळूहळू कुजतात. सरसाचा जुना अस्तर-हात कोकणपट्टीत मी टाळायलाच सांगेन. सरस पावसाळ्यात ओल ओढतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि त्याच्या वरचा रंग मात्र तेवढा हलू शकत नाही. तडे जातात ते त्यामुळे.

तेल आणि टर्पेंटाइन हार्डवेअरच्या दुकानातून आणू नका. तिथलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल दारं-खिडक्यांसाठी असतं. त्यात वाळवणारे क्षार असतात, रंगाने काळपट असतं आणि लवकर पिवळं पडतं. टर्पेंटाइनची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तेलकट कडं राहिलं असेल तर ते चित्रासाठी नको. रॉकेलने ब्रश धुवायची सवय असेल तर तीही सोडा. त्याचा ओशट अंश ब्रशच्या मुळाशी राहतो आणि पुढच्या थरात उतरतो.

आता विषय नसताना पहिला थर कसा लावायचा. कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हाससमोर कल्पनेची वाट बघत बसू नये. आधी टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, ठरवावा, रंग नंतर. हातभर कागदाचे तुकडे घेऊन शाईने किंवा कोळशाने पाच छटांत, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच पायऱ्यांत, छोट्या मांडण्या करायच्या. एका बैठकीत दहा-बारा. त्यात फक्त एवढंच बघायचं की सगळ्यात उजळ जागा कुठे आहे, सगळ्यात गडद कुठे, आणि मधल्या करड्याने किती जागा व्यापली आहे. मधला करडा निम्म्याहून जास्त असेल तर चित्र शांत होतं; उजळ-गडद समसमान झाले तर दोघांची ओढाताण सुरू होते. गायतोंड्यांना १९८४ मध्ये अपघात झाला, त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंद होते आणि त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी कामं केली. ती बघितली की कळतं, रंग काढून घेतला तरी त्यांची रचना उभी राहते. विद्यार्थ्याने तिथूनच सुरुवात करावी.

या मांडणीची कॅनव्हासवर हुबेहूब नक्कल करायची नाही. ती बाजूला टाचून ठेवायची आणि पहिला हात टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या एकाच मातकट रंगाने द्यायचा. बर्न्ट अंबर इथे सगळ्यात सोयीचा, कारण तो मुळातच लवकर वाळतो. पातळ हात असेल तर दुसऱ्या दिवशी बोटाला लागत नाही. आयव्हरी ब्लॅक पहिल्या थराला कधीही घेऊ नये. तो तेल फार पितो, वाळायला आठवडा घेतो आणि वरचे थर त्याच्यावर तडकतात.

यामागचा नियम सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो, पाळला मात्र क्वचित जातो: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. पहिल्या थराला नुसतं टर्पेंटाइन. दुसऱ्याला एक भाग तेल आणि तीन भाग टर्पेंटाइन. त्यानंतरच्याला एकास दोन. शेवटच्या ग्लेझला, म्हणजे पारदर्शक रंगाच्या पातळ थराला, एकास एक. हे मिश्रण एकूण रंगाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावं. तेल जास्त झालं की जाड थराला सुरकुत्या पडतात. प्रत्येक प्रमाणाची छोटी बाटली भरून तिच्यावर चिकटपट्टीने १, २, ३ असे आकडे लावा. कामाच्या मधे अंदाजाने तेल ओतणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे, कारण तिचा परिणाम दिसायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर चित्र दुसऱ्याच्या भिंतीवर असतं.

रोलरच्या कामावर जरा थांबतो, कारण नुसतं ‘गायतोंडे रोलर वापरत’ एवढं वाचून लोक भिंतीला रंग देण्याचा फोमचा रोलर आणतात. त्याने रंगात बुडबुडे येतात आणि पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा ठिपक्यांचा एकसुरी पोत उमटतो. ठशांच्या कामासाठी मिळतो तो रबरी रोलर घ्यावा, चार ते सहा इंचांचा. रंग ट्यूबमधून काढून आधी वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवला तर जादा तेल कागद शोषतो. मग तो काचेच्या जाड तुकड्यावर नाइफने पसरून रोलर चारही दिशांना फिरवायचा. आवाजावरून प्रमाण कळतं. चिकट चरचर आवाज आला तर थर बरोबर बसला. पचपच आवाज येत असेल तर रंग जास्त आहे, अजून पसरवा. कॅनव्हासवर रोलर दाबायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनाने फिरू द्यायचा. अशा वेळी रंग विणीच्या उंचवट्यांवरच बसतो आणि खालचा थर खळग्यांतून दिसत राहतो. या चित्रांतला आतून उजेड आल्याचा भास बऱ्याच अंशी इथून येतो: उजळ थर खाली, त्यावर अर्धपारदर्शक गडद थर, आणि मधेमधे उघडी राहिलेली बारीक छिद्रं.

त्यानंतर कागदाचं काम. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे तुकडे हाताने फाडायचे, कात्रीने कापायचे नाहीत, कारण फाटलेल्या कडेचा तंतुमय काठ चित्रात मऊ उतरतो. ओल्या रंगावर तुकडा ठेवून तळहाताने दाबायचा आणि एका कोपऱ्याकडून सावकाश उचलायचा. तेवढ्या जागेतला वरचा रंग निघून येतो. हाच तुकडा उलटून दुसरीकडे दाबला तर तिथे त्याचा पुसट ठसा उमटतो. हा आकार हाताने काढलेला नसतो, म्हणून त्यात सवयीचं वळण येत नाही. मासिकाचा गुळगुळीत कागद रंग कमी शोषतो आणि ठसा स्पष्ट देतो. वर्तमानपत्र जास्त शोषतं आणि जागा कोरडी, मंद करतं. दोन्ही हाताशी असावेत. एका चित्रात अशा उचललेल्या जागा पाच-सात पुरतात. त्यापलीकडे गेलं की तंत्रच दिसायला लागतं आणि चित्र मागे पडतं.

खरवडण्याला ठरावीक वेळ असते. अल्ट्रामरीन आणि टायटॅनियम व्हाइट यांचा मध्यम थर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरून घट्ट आणि आतून मऊ असतो. त्या वेळी नाइफ तिरका धरून ओढला की वरचा थर पापुद्र्यासारखा निघतो आणि खालच्या वाळलेल्या थराला धक्का लागत नाही. आदल्या दिवशी केलं तर सगळं फरफटतं, चार दिवसांनी केलं तर ओरखडे उठतात. प्रश्नात म्हटलेला तिसरा दिवस तो हाच. ब्रश घेऊन पुढे जाण्यासाठी तो वाईट आहे, खरवडण्यासाठी उत्तम. वहीत थराची तारीख आणि त्यातले रंग लिहिलेले असतील तर ही वेळ चुकत नाही. कोबाल्ट आणि अंबर लवकर वाळतात, कॅडमियम आणि अलिझरिन उशिरा. समुद्राकाठच्या पावसाळ्यात हे सगळेच वेळ सहज दीडपट होतात. पूर्ण वाळलेला रंग घासायचाच असेल तर पाणी लावून, ओल्या पॉलिश पेपरने घासा. कॅडमियम, कोबाल्ट, शिसं यांची कोरडी धूळ श्वासात जाता कामा नये.

आता मळण्याबद्दल. रंग तीन कारणांनी मळतो आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पहिलं कारण, खालचा थर वाळलेला नसतो. वरचा ब्रश त्याला उचलतो आणि विरोधी रंग एकमेकांत मिसळतात. इलाज सरळ आहे, स्वच्छ कापडावर टर्पेंटाइनचा थेंब घेऊन कोपऱ्यात हलकं पुसून बघा, रंग आला तर थांबा. दुसरं कारण, एका मिश्रणात रंगद्रव्यं जास्त होतात. तुम्ही दोन ट्यूब मिसळता तेव्हा त्यातली एक स्वतःच तीन द्रव्यांची असू शकते. ट्यूबच्या मागचा छोटा कोड वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीवाय ४३ म्हणजे नैसर्गिक यलो ऑकर, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम व्हाइट. एकच कोड असलेल्या ट्यूब घ्या आणि एका मिश्रणात पांढरा सोडून दोनच द्रव्यं ठेवा. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर मूळ द्रव्याऐवजी दुसरंच काहीतरी घातलेलं आहे असं समजा.

तिसरं कारण सगळ्यात जास्त आढळतं आणि ओळखू येत नाही: रंग वेगळे असतात, पण त्यांचा टोन एकच असतो. मधल्या छटेचा हिरवा, मधल्या छटेचा तांबडा आणि मधल्या छटेचा जांभळा शेजारी आले की प्रत्येक रंग शुद्ध असूनही चित्र मळकट दिसतं. मोबाइलवर काळ्या-पांढऱ्यात फोटो काढून बघा. सगळं एकच करडं दिसलं तर रंग बदलून काही होणार नाही. एखादी जागा दोन पायऱ्यांनी उजळ किंवा गडद करावी लागेल. अशा वेळी बहुतेक जण पांढरा मिसळून उजळ करायला जातात, त्याने रंग खडूसारखा फिका पडतो. त्यापेक्षा ती जागा खरवडून आधी जवळजवळ पांढरी करायची, वाळू द्यायची आणि मग पारदर्शक रंगाचा पातळ ग्लेझ द्यायचा. ट्यूबवर रिकामा चौकोन असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर मधला. ग्लेझला रिकाम्या चौकोनाचेच रंग चालतात. थॅलो निळा घेत असाल तर टाचणीच्या डोक्याएवढ्यापासून सुरू करा. तो बाकी सगळ्यांना गिळतो.

पांढऱ्याबद्दल एक सूचना. झिंक व्हाइट स्वस्त मिळतो आणि ग्लेझला सुंदर दिसतो, पण तैलरंगात तो कालांतराने ठिसूळ होतो आणि थर सुटून येतात. मोठ्या जागेला तो वापरू नका.

पॅलेट मर्यादित ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात; मी आकडा देतो. एका चित्राला तीन रंग आणि एक पांढरा. अल्ट्रामरीन, बर्न्ट सायना आणि यलो ऑकर एवढ्यावर पन्नासेक वेगळे करडे, हिरवट, तपकिरी मिळतात. ते सगळे एकाच कुळातले असल्याने चित्र आपोआप बांधलं जातं. चौथा तेजस्वी रंग हवासा वाटला तर तो शेवटच्या आठवड्यात आणि तळहाताएवढ्या जागेतच वापरा.

चित्रकार प्रभाकर बरवे घरगुती वापराचा इनॅमल रंग कॅनव्हासवर वापरत. त्यांच्या सपाट, गुळगुळीत अवकाशाला तो शोभतो. पण इनॅमलची नक्कल करताना एक गोष्ट लक्षात ठेवा: चकचकीत इनॅमलवर नंतर तैलरंग चढवला तर तो धरत नाही. इनॅमल वापरायचा तर तोच शेवटपर्यंत. ॲक्रिलिकचंही असंच आहे. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही.

ॲक्रिलिकमध्ये काम करणाऱ्याची अडचण नेमकी उलटी असते. रंग वीस-तीस मिनिटांत वाळतो, मे महिन्यात तर पॅलेटवरच. वाट बघावी लागत नाही म्हणून बघितलंच जात नाही, आणि एका दुपारी आठ थर चढतात. इथे वाट बघण्याची सक्ती स्वतःवर लादावी लागते: दिवसाला दोन थर, त्यापुढे हात नाही. ताटात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवून रंग काढले तर ते दिवसभर ओले राहतात. वाळणं लांबवणारं रिटार्डर दहा टक्क्यांच्या वर गेलं की थर आठवडाभर चिकट राहतो आणि धूळ धरतो. ॲक्रिलिक वाळल्यावर एक छटा गडद होतो हे गृहीत धरूनच मिसळा. उन्हाळ्यात त्याचा पृष्ठभाग मऊ होतो, म्हणून चित्राच्या तोंडावर बबल रॅप थेट गुंडाळू नका. फुग्यांचे गोल ठसे कायमचे राहतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा कागद) किंवा सिलिकॉनचा कागद घाला.

बघण्याची सवय ही खरी अवघड गोष्ट आहे. सकाळी पहिला अर्धा तास हातात काही घ्यायचं नाही. खुर्ची चित्रापासून आठ-दहा फुटांवर ठेवायची. वन बीएचकेमधल्या खोलीत एवढं अंतर मिळत नाही. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावा आणि चित्र आरशात बघा. अंतर दुप्पट होतं आणि डावं-उजवं उलटल्यामुळे तोलातली चूक लगेच दिसते. कॅनव्हास रोज एकदा ९० अंशांत फिरवा. चारही बाजूंनी एकच जागा डोळ्याला ओढत असेल तर ती जागा बाकीच्या चित्राशी बोलत नाही. दिवा बदलत राहू नका. ४००० ते ५००० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वरचा एलईडी लावा आणि रात्रंदिवस त्याखालीच काम करा. ६५०० केल्विनच्या साध्या ट्यूबलाइटखाली निळे रंग खोटे बोलतात, त्याखाली ठरवलेला करडा दिवसा हिरवट निघतो.

बघताना एक भ्रम हमखास होतो. गडद जागांतलं तेल खालच्या थरात शोषलं जातं आणि ती जागा मॅट, फिकट, मेलेली दिसते. चित्रकाराला वाटतं रंगच चुकला, आणि तो चांगली जागा पुन्हा रंगवतो. आधी तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन, फडक्याने त्या वाळलेल्या जागेवर अगदी पातळ चोळून लगेच पुसून घ्या. मूळ रंग परत दिसतो. त्यानंतरही चुकीचा वाटला तरच हात लावा.

आणि लाडका तुकडा. जवळजवळ प्रत्येक अमूर्त चित्रात अपघाताने एक विलक्षण जागा तयार होते, आणि पुढचे दोन आठवडे चित्रकार ती वाचवण्यासाठी उरलेलं सगळं चित्र वाकवत राहतो. चित्र अडकण्याचं हे माझ्या मते पहिल्या क्रमांकाचं कारण. परीक्षा अशी: त्या जागेवर आजूबाजूच्या रंगाचा फाटका कागद टेपने चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. चित्र मोकळं झालं, बाकीच्या जागा पुढे आल्या, तर तो तुकडा घालवायचा. आधी फोटो काढा, मिश्रण वहीत लिहून घ्या, आणि नाइफ फिरवा. चित्र पोकळ वाटलं तर तो तुकडा राहील, पण मग बाकीचं चित्र त्याच्या पातळीला आणावं लागेल.

थांबायचं कधी, याची कसोटी भावनेवर सोडू नये. चित्र तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, भिंतीपासून चार-पाच इंच दूर, बाहेरच्या ओल्या भिंतीला तर नाहीच. मग एका सकाळी उलटवून पहिल्या दहा सेकंदांत जे खटकतं तेवढंच वहीत लिहायचं. रचनेत किंवा टोनमध्ये काही खटकलं तर काम बाकी आहे. एखादी कड जरा नाजूक करावी, इथे थोडी चमक आणावी, एवढंच सुचत असेल तर चित्र झालेलं आहे आणि आता हात लावलात तर फक्त सजावट होईल. तैलरंग अंधारात किंचित पिवळे पडतात. काही दिवस उजेडात ठेवले की तो पिवळेपणा बराचसा जातो, त्यासाठी रंगवू नका.

व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने द्यावं. पावसाळ्यात दिलं तर त्यावर पांढुरका ढग धरतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीचा कोरडा दिवस निवडा.

स्टुडिओतली एक सवय सुरक्षिततेची आहे आणि ती टाळता येत नाही. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ढीग ठेवला तर वाळताना उष्णता निर्माण होते आणि ती आपोआप पेटू शकतात. दिवस संपताना ती पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा.

विचारणाऱ्याला पुढच्या तीन महिन्यांसाठी नेमकं सुचवायचं तर असं: एकाच वेळी तीन कॅनव्हास, दोन बाय दोन फुटांचे, एकाच तीन रंगांत. एक वाळत असताना दुसरा खरवडायचा, तिसऱ्याकडे बघायचं. दिवसाला प्रत्येक कॅनव्हासवर एकच निर्णय, आणि तो करण्याआधी वहीत एका ओळीत लिहिलेला. मुंबईत असाल तर मधे एकदा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन दालनाचं सध्याचं प्रदर्शन बघा. गायतोंडे त्या संग्रहात आहेत. त्या वेळी त्यांचं काम भिंतीवर असेल तर समोरून बघून झाल्यावर बाजूला जाऊन, दालनाच्या नियमात बसेल तेवढं जवळून, तिरक्या उजेडात पृष्ठभाग बघा. कुठे रोलर फिरला, कुठे कागद उचलला, कुठे नाइफ थांबला, हे समोरून दिसत नाही. बाजूने दिसतं.